खोगिराखालून

श्रोतेहो, नमस्कार.

घोडी बोलते कशी, हा प्रश्न मनात आला असेल तर तो जरा बाजूला ठेवा. रेडिओवर बोलणारं कोणीच तुम्हाला दिसत नसतं, तरी बाजारभाव सांगणाऱ्यावर आणि हवामान सांगणाऱ्यावर तुम्ही विश्वास ठेवता. मग माझ्यावरही ठेवायला हरकत नसावी. निदान उद्या हलक्या सरी पडतील असं काही मी सांगणार नाही.

शाळेत तुम्ही ‘घोड्याचे आत्मवृत्त’ लिहिलं असेलच. दहा मार्कांचा निबंध. त्यातला घोडा तरुणपणी राजाच्या पागेत असतो, मग टांग्याला जुंपला जातो आणि शेवटी ‘माणसा, किती रे तू कृतघ्न’ म्हणून डोळे मिटतो. माझं तसलं काही नाही. राजा मी पाहिलेला नाही, टांगा ओढलेला नाही, आणि डोळे मिटायचा इतक्यात विचारही नाही. मी माथेरानची घोडी. वयाचं म्हणाल, तर बाईला वय विचारू नये असं तुमच्यातही म्हणतात. ज्याला जाणून घ्यायचंच असेल त्यानं माझा वरचा ओठ उचलून कोपऱ्यातला दात बघावा. दहाव्या वर्षाच्या सुमारास त्या दातावर हिरडीलगत एक तपकिरी खाच दिसू लागते. वर्षागणिक ती खाली सरकते आणि विसाव्या वर्षाच्या आसपास दाताच्या टोकाला पोचते. त्यानंतर वरच्या बाजूनं पुसट होत जाते. माझी पुसट व्हायला लागली आहे. करा हिशेब.

जन्म पुण्याकडच्या एका स्टड फार्मवरचा. आम्ही शर्यतीच्या जातीचे, म्हणजे थरोब्रेड. आमची वंशावळ माणसं पाठ म्हणतात. बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन हे तीन घोडे पूर्वेकडून इंग्लंडला नेले, आणि जगातल्या सगळ्या थरोब्रेडांची बापाकडची साखळी त्या तिघांपैकी एकाशी जाऊन थांबते. आयांची नावंही वहीत असतात, पण मिरवतात ती बापांचीच. अकरा महिने पोटात कोण वाढवतं? असो. आमच्यात वाढदिवसही सामुदायिक असतो. शिंगरू जानेवारीत जन्मो की एप्रिलमध्ये, 1 जानेवारीला सगळी एका वर्षानं मोठी. केक नाही, गाजर मिळतं.

पुढं महालक्ष्मीला धावले. 1883 पासूनचं ते रेसकोर्स. हिवाळ्यात मुंबई, पावसाळ्यात पुणे, अशी आमची ये-जा. पायात लोखंडाऐवजी ॲल्युमिनियमच्या हलक्या नाला, पाठीवर पन्नासेक किलोचा जॉकी आणि त्याच्या खाली हातभर खोगीर. मी फार काही जिंकले नाही. मात्र माझं जे गुपित आज तुम्हाला सांगणार आहे, ते मला तिथंच उमगलं. एका मोसमात माझ्यावर एक जॉकी बसायचा. मागं कधीतरी पडला होता, हाड जुळवून परत आला होता. सगळ्यांशी हसून बोलायचा, चाबूक फिरवायचा. पण वळणावर पुढचे दोन घोडे बाजूला होऊन मधे फट दिसली, की त्याच्या मांड्या दगड व्हायच्या. हात ‘चल’ म्हणायचे, पाय ‘नको’ म्हणायचे. मी पायांचं ऐकलं. फटीत घुसले नाही. माझ्याबद्दल मत झालं की घोडी आळशी आहे, आणि एक दिवस नेरळच्या पायथ्याशी ट्रकमधून माझी उतरणी झाली.

माथेरान तुम्हाला ठाऊक आहे. समुद्रसपाटीपासून आठशे मीटरच्या आसपास उंची, वर दाट झाडी. ठाण्याचे कलेक्टर मॅलेट 1850 च्या मे महिन्यात चौक गावाकडून डोंगर चढून आले आणि साहेबलोकांना हे ठिकाण ‘सापडलं’. इथल्या ठाकर-कातकऱ्यांना ते हरवलेलं नव्हतंच. झुकझुक गाडी आली 1907 साली. त्याआधी वर यायचं तर तट्टू, पालखी नाहीतर स्वतःचे पाय. मोटारी अजूनही दस्तुरी नाक्यापर्यंतच. त्याच्या पुढं आमचं राज्य: चारशेच्या वर परवान्याचे घोडे. काही तुम्हाला फिरवणारे, काही तुमच्या हॉटेलातलं गॅस सिलिंडर, पिठाची पोती आणि सिमेंट वाहणारे. त्या मालवाहू भावंडांकडे तुम्ही बघतही नाही. नाश्त्याची पुरी फुगली की त्यांची आठवण काढा.

लाल मातीचं गाव म्हणतात याला. मला ती लाल दिसत नाही. आम्हाला निळा आणि पिवळा रंग कळतो. लाल आणि हिरव्यातला फरक आमच्या डोळ्यांना जमत नाही. त्यामुळे पॉइंटावर उभं राहून ‘काय कलर आहे सनसेटचा’ असं तुम्ही ओरडता तेव्हा मी आपली शेपटीनं माश्या वारत असते. त्याची भरपाई म्हणून आम्हाला जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं. डोळे डोक्याच्या दोन्ही अंगांना असल्यानं फक्त कपाळासमोरचा थोडा भाग आणि थेट शेपटीमागचा भाग आंधळा. म्हणूनच मागून येऊन पाठीवर थाप मारणाऱ्याला लाथ बसते. त्यात रागाचा भाग नाही. मागं वाघ आहे की ठाण्याचे काका आहेत, हे आम्हाला आधी लाथ मारल्यावर कळतं.

आता गुपित.

माझ्या अंगावर माशी बसली तर ती नेमकी कुठं बसली हे मला कळतं, आणि तेवढीच कातडी मी थरथरवते. जिला माशीचं वजन कळतं तिच्यावर सत्तर किलोचा माणूस बसला, तर त्याच्याबद्दल काय काय कळत असेल याचा विचार तुम्ही कधी केलाय? तुम्ही रिकिबीत पाय घालता त्याच क्षणी मला कळतं: घाबरला आहात की उतावीळ आहात, घरून भांडून आला आहात की कुणाला दाखवायला बसला आहात, कंबर दुखते आहे, डावा गुडघा राखताय. श्वास कुठं अडकला तेही. तोंडानं तुम्ही काय बोलता याला मी मोजत नाही. ‘अरे मी कॉलेजात घोडेस्वारी केलीय’ म्हणणाऱ्याचे पोटरीचे स्नायू तारेसारखे ताणलेले असतात. मी मग मुद्दाम गोगलगाय होते. मालक ओशाळून म्हणतो, ‘साहेब, म्हातारी आहे ती.’ साहेब मनातून सुटकेचा श्वास टाकतात. तोही मला खोगिराखालून कळतो.

सगळ्यात अवघड असतात लहान मुलं, पण मुलांमुळे नव्हे. पोर पाठीवर खुशीत असतं, हुप्प हुप्प करत असतं. खाली चालणारी आई मात्र ‘घट्ट धर, घट्ट धर’ म्हणत त्याचा पाय असा आवळते, की तिची भीती हातातून पोराच्या पायात आणि तिथून माझ्या बरगडीत उतरते. शंभर पावलांनी पोर रडायला लागतं. आई म्हणते, बघ, मी म्हणत होते ना, घाबरेल म्हणून.

एक आजी मात्र मी विसरायची नाही. दस्तुरीला सगळं कुटुंब आलं होतं, नातवंडं, सुना, पिशव्या. आजीसाठी हातरिक्षा ठरवायची असं चाललं होतं. आजी नऊवारीत, काष्टा घट्ट मारलेला. त्या म्हणाल्या, ‘मला या घोडीवर बसवा.’ मुलगा म्हणाला, ‘आई, वेड लागलंय का?’ त्यांनी ऐकलं नाही. मालकानं आणि मुलानं मिळून त्यांना वर चढवलं आणि सगळे दोन्ही बाजूंनी हात धरून उभे. पण मला पहिल्या श्वासालाच कळलं. बैठक खोल, टाच खाली, गुडघे सैल, आणि लगाम असा धरलेला की माझ्या तोंडाला त्रास होणार नाही. ही बाई कधीतरी तट्टावर बसून बाजारहाट करत आली असणार, मावळात किंवा घाटावर. घरच्यांना हे तिनं कधी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल तरी कुणी ऐकलं नसेल.

बाजाराच्या अलीकडे वाट सपाट होते. आजींनी पुढं बघत कंबर किंचित पुढं केली. बाहेरून कुणाला दिसली नसेल इतकीच. मी दुडकी धरली. माझ्या वयाला दुडकी शोभत नाही, पण धरली. मागून आरडाओरडा, मालक धावतोय, सुना किंचाळतायत. आजी माझ्या तालावर उठत-बसत होत्या, एक ठोका चुकला नाही. मग त्यांनी नुसता श्वास सोडला आणि मी थांबले. नातू धापा टाकत आला, ‘आजी, तुला येतं?’ आजी म्हणाल्या, ‘मला कुठलं रे! घोडीलाच येतं सगळं.’

तर हे असं. मालक पर्यटकांना सांगतो की हिला सहावं इंद्रिय आहे, हिच्या कपाळावरचा भोवरा बघा, देवाची घोडी आहे. मी काही बोलत नाही. देवाच्या घोडीला गिऱ्हाईक जास्त मिळतं.

पण गुपित एकदा फुटलं. मालकाची धाकटी परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकते. परीक्षा आली की ती तबेल्यात येरझाऱ्या घालत मोठ्यानं वाचते. माझं बरंचसं ज्ञान तिथलं. आम्हाला उलटी होत नाही, म्हणून पोटशूळ आमच्या जिवावर बेततो, हे मला तिच्यामुळे कळलं. कळलं नसतं तर बरं झालं असतं. तर एका संध्याकाळी ती हान्सची गोष्ट वाचत होती. बर्लिनमधला घोडा. मालक फॉन ओस्टेन, गणिताचे निवृत्त मास्तर. हान्स बेरजा करायचा, अपूर्णांक सोडवायचा, तारखेवरून वार सांगायचा. उत्तराइतक्या वेळा खूर आपटायचा. मास्तर पैसे घेत नसत, त्यामुळे लबाडीचा संशय घ्यायलाही जागा नाही. 1904 मध्ये विद्वानांची समिती बसली, तिलाही काही सापडलं नाही. मग ऑस्कर फुंग्स्ट नावाच्या माणसानं चिकाटीनं तपासलं आणि 1907 मध्ये सगळं छापलं. विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल तर हान्स नापास. विचारणारा दिसत नसेल तरी नापास. हान्स आकडे मोजतच नव्हता. तो माणसाकडे बघत होता. खूर आपटायला लागला की माणूस ताणून उभा राहायचा आणि बरोबर आकडा आला की नकळत सैल व्हायचा. मान केसभर वर. हान्स थांबायचा.

मला यातलं सगळ्यात काय आवडलं सांगू? ही खूण कळल्यानंतर फुंग्स्टनं स्वतःची मान हलू द्यायची नाही असं ठरवलं. त्याला ते धड जमेना.

धाकटी वाचता वाचता थांबली. पुस्तक मिटून माझ्याकडे बघत म्हणाली, ‘दोन अधिक तीन?’ मी खूर आपटला. एक, दोन, तीन, चार, पाच. पाचव्याला तिचे खांदे उतरले, मी थांबले. तिचे डोळे एवढे मोठे झाले. मग ती हुशार मुलगी भुश्श्याच्या पोत्यांच्या थप्पीमागं लपली आणि तिथून ओरडली, ‘तीन अधिक चार?’ आता आली का पंचाईत! मी आपटत राहिले. दहा झाले, पंधरा झाले, शेजारचा पांढरा घोडा वैतागून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. पोत्यामागून ती हसत बाहेर आली, माझ्या गळ्यात हात टाकला आणि म्हणाली, ‘लबाड! बाबांना सांगू?’ सांगितलं नाही तिनं. आमच्यात ते ठरलंय.

तुम्ही म्हणाल, यात जादू कसली? नंदीबैलही मान हलवतो. ‘पाऊस पडंल का?’ गुबुगुबु. ‘मुलगी नांदंल का?’ गुबुगुबु. खरंय, त्याचीही विद्या तीच, त्याला फक्त ढोलकं ऐकून कधी डोलायचं एवढं शिकवलेलं. पण माझा मुद्दा निराळा आहे. जादू जी काही आहे ती माझ्याकडून होत नाही, तुमच्याकडून होते. तुम्ही अखंड सांगत असता. झोपेतही सांगत असाल. मी तेवढी ऐकते. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी 2016 मध्ये घोड्यांना माणसांचे मोठे फोटो दाखवले, काही रागावलेले, काही हसरे. रागीट चेहरा दिसला की घोडे डाव्या डोळ्यानं बघायचे आणि त्यांच्या काळजाचे ठोके लवकर वाढायचे. पुढच्या एका प्रयोगात असं दिसलं, की सकाळी ज्याचा रागीट फोटो पाहिला तोच माणूस काही तासांनी साध्या चेहऱ्यानं समोर आला तरी घोड्यांनी त्याला सोडलं नाही, डाव्या डोळ्यानंच बघितलं. धाकटीनं हे वाचलं तेव्हा माझा मालक शेजारी नाल ठोकून घेत होता. त्याला म्हणावंसं वाटलं, बाबा रे, तुझ्या चेहऱ्यावर सकाळी दूधवाल्याशी झालेलं भांडण अजून आहे, जरा तोंड धुऊन ये.

धुक्याचंही तसंच. पावसाळ्यात इथं ढग वाटेवर उतरतात आणि हाताला हात दिसत नाही. एकदा मालकाचा पोरगा मला घेऊन परतत होता, वाट चुकला. मी पाय रोवले. त्यानं ओढलं, शिव्या दिल्या. हलले नाही. थोड्या वेळानं ढग फाटला तेव्हा समोर दरी होती. गावभर चर्चा, घोडीला देवानं दाखवलं. खुरांखाली रोजच्या वाटेची घट्ट माती संपून भुसभुशीत पालापाचोळा लागला होता आणि खालून वर चढणारा वारा नाकाला लागत होता, त्यात खोलवरच्या पाण्याचा वास. एवढंच. पण त्या दिवशी मला चंदीत गूळ मिळाला, तेव्हा मी देवाचं नाव खोडून काढलं नाही.

आणि तो फोटो. मी मान उंचावून वरचा ओठ दुमडते, दात दिसतात, आणि तुम्ही ‘हसली, हसली’ करत मोबाइल काढता. मी हसत नसते. एखादा वास नीट समजला नाही की आम्ही ओठ दुमडून तो टाळूजवळच्या एका खास जागी पोचवतो आणि पारखतो. तुमच्या सेंटचा असतो बहुतेक वेळा.

आता म्हातारपण जाणवतं. डोळ्यांवरचे खळगे खोल गेले, पाठ मधे बसली. दाढा झिजल्या, त्यामुळे सुका कडबा चावून चोथा टाकते. धाकटी कोंडा भिजवून देते. आम्ही उभ्यानं झोपतो, मागच्या पायाच्या गुडघ्याची वाटी अडकवून, हे तुम्हाला माहीत असेल. पण गाढ झोप हवी तर थोडा वेळ आडवं व्हावंच लागतं. तरुणपणी त्याचं काही वाटत नव्हतं. आता खाली बसण्यापेक्षा उठण्याचा विचार जास्त येतो. शेजारचा पांढरा जागा राहून उभा असेल तरच मी अंग टाकते.

रात्री मालक रेडिओ लावतो. आषाढीच्या आधी वारीचं काही लागलं की मी कान तिकडे वळवते. रिंगण! दोन अश्व, एकावर पताका घेतलेला स्वार आणि दुसऱ्याचं खोगीर रिकामं. त्यावर माऊली बसतात. वारकरी त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. माझी विद्या जड माणसांवर चालते. रिकाम्या खोगिराचं वजन काय असतं ते मला ठाऊक नाही. कधी भेट झाली तर त्या अश्वाला विचारणार आहे.

गावात बदल झाला आहे. डिसेंबर 2022 मध्ये ई-रिक्षा आल्या, आधी प्रायोगिक म्हणून. शाळेची पोरं दप्तर घेऊन चालत जायची ती आता बसून जातात, हे मला बरं वाटतं. मालकाला काळजी वाटते, तीही मला कळते, कारण ती रोज माझ्या खोगिराचा पट्टा आवळताना त्याच्या हातात असते. हातरिक्षा ओढणारे आमचे जुने सोबती. 94 परवाने होते. चढाला माणसाला ओढणाऱ्या माणसाचा श्वास आणि माझा श्वास एकाच लयीत चालायचा. 2025 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हे सहा महिन्यांत बंद करा, त्या लोकांना दुसरं काम द्या. चांगलं झालं. घोड्याचं काम घोड्यानं करावं, आणि म्हाताऱ्या घोडीनं थोडं कमी करावं. मी आता फक्त सकाळच्या दोन फेऱ्या मारते, तीही हलकं गिऱ्हाईक असेल तर.

वेळ संपत आली. दस्तुरीला आलात तर काही गोष्टी लक्षात ठेवा. समोरून किंवा खांद्याच्या बाजूनं या, आधी बोला, मग हात लावा. खाऊ द्यायचा तर हात सपाट ठेवा, आणि गाजर द्या; वडापाव नको, पोटशूळाचं सांगितलंय मघाशी. दर आधी ठरवा. कट्टा दिसला तर कट्ट्यावरून चढा, जमिनीवरून लटकत चढलात की माझी पाठ एका अंगाला ओढली जाते. आणि घाबरला असाल तर ‘मला सवय आहे’ म्हणू नका, सरळ घाबरून बसा. आपण दोघं सावकाश जाऊ.

नमस्कार.